चिकापासून दूध तोडण्यापर्यंत : सीमाभागातल्या पहिलटकरणीसाठी

गाय व्यायली की बेळगाव-खानापूर भागात चिकाची तपेली चार घरी फिरते. गूळ-वेलदोडा घालून खरवस वाफवतात, कानडी शेजारी त्यालाच गिण्णु म्हणतात. तो चीक कुणी गटारात ओतत नाही. पण त्याच घरात सून बाळंत झाली की ‘पहिलं पिवळं दूध जड असतं, पिळून टाक’ असं सांगणारं कुणीतरी अजूनही निघतं. आईचा चीक एका वेळी जेमतेम चमचाभर येतो. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात मावतंही तेवढंच. रोगांशी लढणारे घटक त्यात ठासून भरलेले असतात आणि पोटातली काळी शी बाहेर काढायलाही तोच उपयोगी पडतो. तो टाकू नका, थेंब न् थेंब बाळाला द्या.

पुढे जे काही सांगितलं आहे, त्यातलं बरंचसं एका गोष्टीवर उभं आहे. विहीर उपसली की झरे मोकळे होतात, तसं अंगावरच्या दुधाचं असतं. बाळानं ओढून घेतलं की पुन्हा तयार होतं. छाती भरलेली तशीच राहिली की लागत नाही असं शरीर समजतं आणि दूध आटायला लागतं. पाजायला सुरुवात करताना, दूध कमी पडल्यासारखं वाटताना आणि शेवटी दूध तोडताना हेच लक्षात ठेवायचं.

पहिला तास आणि पहिले तीन दिवस

नॉर्मल डिलिव्हरी असेल तर बाळ पुसून, कपडे न घालता आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवायचं आणि वरून दुपटं टाकायचं. वजन आणि बाकीची कामं तासाभरानं झाली तरी चालतात, पहिली अंघोळ तर निदान दुसऱ्या दिवसापर्यंत थांबवावी. सिझर असेल तर पाठीत इंजेक्शन दिलेली आई शुद्धीवर असते. तिला ऑपरेशनच्या टेबलावरून हलवल्यावर आडवं पडूनच पहिलं पाजता येतं, फक्त कुणीतरी बाळ धरायला हवं. हे भरती होतानाच बोलून ठेवा, ऐन वेळी कुणाला सुचत नाही.

सरकारी दवाखान्यात सिस्टर कानडीत बोलतात आणि नव्या मुलीला अर्धं कळत नाही. थोडे शब्द माहीत असलेले बरे: एदे हालु म्हणजे अंगावरचं दूध, तूक म्हणजे वजन, लसिके म्हणजे लस, ज्वर म्हणजे ताप, भेदी म्हणजे जुलाब. तायी कार्डावरचे, म्हणजे आई-बाळाच्या नोंदींच्या सरकारी कार्डावरचे, रकानेही कानडीत असतात. घरी येण्याआधी आशाताईंकडून ते एकदा समजून घ्या.

मध चाटवणं, सोनं उगाळून देणं, गुळाचं किंवा साखरेचं पाणी, गाईच्या दुधाचा बोळा यातलं काहीही नको. मधात बोट्युलिझम नावाच्या आजाराचे जंतू असू शकतात. मोठ्यांना ते पचतात, वर्षाच्या आतल्या बाळाला त्यातून लुळेपण येऊ शकतं. म्हणून वर्षभर मध वर्ज्य, वैद्यांनी चाटणात सांगितला तरी.

खरं दूध उतरतं ते दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, सिझरनंतर कधी थोडं उशिरा. मधल्या काळात बाळ रडलं की ‘हिला दूधच नाही’ असा निकाल लावून पावडरचा डबा आणला जातो. त्या दिवसांत बाळाला डब्याची गरज नसते. दर दोन-अडीच तासांनी अंगाला लावलं की पुरतं.

अंगाला लावायचं कसं

बहुतेक दुखणी इथेच सुरू होतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा. पहिले पंधरा दिवस पाजताना पदर किंवा शाल बाळाच्या तोंडावर ओढू नका. खोलीतल्या माणसांना बाहेर पाठवा, पण बाळाचं तोंड तुम्हाला दिसलंच पाहिजे.

१. पाठीला उशी लावून टेका. तुम्ही बाळावर वाकायचं नाही, बाळ वर उचलून छातीशी आणायचं. मांडीवर एक-दोन उशा घेतल्या की हात अवघडत नाही.

२. बाळाचं तोंड, छाती आणि पोट तिन्ही तुमच्याकडे वळलेली हवीत. मान वळवून पिणं किती अवघड आहे, हे स्वतः मान वळवून पाणी पिऊन बघा.

३. बाळाचं नाक बोंडशीच्या समोर येईल असं धरा. बोंडशीनं वरच्या ओठाला हळूच स्पर्श करा आणि थांबा. बाळ जांभई दिल्यासारखा मोठा आ करेपर्यंत थांबायचं. अर्धवट उघडलेल्या तोंडात बोंडशी कोंबली की चिरा पडल्याच.

४. आ झाला की बाळाला झटकन जवळ घ्या. हनुवटी आधी टेकली पाहिजे. खालचा ओठ बाहेर वळलेला हवा, आणि बोंडशीभोवतीचा काळा भाग वरच्या बाजूला जास्त आणि खाली कमी दिसला पाहिजे.

५. आता ऐका. सुरुवातीला भरभर चोखणं, मग पान्हा सुटला की एक-दोन ओढी आणि एक गिळण्याचा आवाज, अशी लय येते. चुटुक-चुटुक आवाज येत असेल, गालाला खळी पडत असेल किंवा तुम्हाला कळ येत असेल तर करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. तसंच ओढून काढू नका.

स्तन दोन बोटांत कात्रीसारखा धरायची सवय आपल्याकडे फार आहे. त्यामुळे बाळाला तोंडभर घेता येत नाही. खालून चार बोटं आणि वर अंगठा, काळ्या भागापासून लांब, असा हात ठेवा. ‘नाक दबेल’ म्हणून बोटानं छाती मागे दाबणं हीसुद्धा अशीच एक चूक. त्यानं बोंडशी तोंडातून निसटते. बाळाचं ढुंगण आपल्याकडे थोडं ओढून घ्या, नाक आपोआप मोकळं होतं. सिझरच्या टाक्यांवर भार येत असेल तर बाळाचे पाय तुमच्या काखेतून मागे जातील असं बगलेत धरा, किंवा कुशीवर झोपून पाजा.

एका बाजूचं पूर्ण पिऊन बाळानं आपणहून सोडलं की ढेकर काढा आणि मग दुसरी बाजू द्या. शेवटी येणाऱ्या दुधात स्निग्धांश जास्त असतो, पोट त्यानं भरतं. पाच-पाच मिनिटं घड्याळ लावून बाजू बदलल्या की बाळ पाणचट दुधावर राहतं, वारंवार रडतं आणि हिरवट शी करतं. चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजणं हे ठीक प्रमाण आहे. रात्रीचं पाजणं टाळू नका, दूध बनवणारं संप्रेरक रात्री जास्त स्रवतं.

पुरतंय की नाही, हे कशावरून

छाती किती भरली, पिळल्यावर किती आलं, बाळ किती रडतं, यातलं काहीच विश्वासार्ह नाही. लंगोट मोजा. पहिल्या दिवशी एक शू, दुसऱ्या दिवशी दोन असं वाढत जाऊन सहाव्या दिवसापासून २४ तासांत निदान ६ वेळा भरपूर आणि फिकट शू झाली पाहिजे. शी काळ्यावरून हिरवट आणि पाचव्या दिवसापर्यंत पिवळी व्हायला हवी. लंगोटावर विटकरी डाग पहिल्या दोन-तीन दिवसांत चालतात, पाचव्या दिवसानंतर दिसले तर दूध कमी जातंय.

पहिल्या आठवड्यात बाळाचं वजन थोडं उतरतं. दहा टक्क्यांपर्यंत उतरलेलं वजन दोन आठवड्यांत जन्माच्या आकड्यावर परत यायला हवं. पुढे तीन महिने दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम वाढ. अंगणवाडीच्या काट्यावर महिन्यातून एकदा वजन करून घ्या, आणि दर वेळी त्याच काट्यावर. दोन दवाखान्यांचे दोन काटे पाव किलोचा फरक सहज दाखवतात आणि घरात उगाच रडारड होते.

‘दूध पुरत नाही’ची साखळी

सहाव्या आठवड्याच्या आसपास छाती मऊ होते, दगडासारखी भरत नाही. दूध कमी झालेलं नसतं, शरीराला मागणीचा अंदाज आलेला असतो. साधारण त्याच सुमारास बाळ दोन-तीन दिवस सारखं प्यायला मागतं, विशेषतः संध्याकाळी. तिसऱ्या आठवड्यात आणि तिसऱ्या महिन्यातही असे दिवस येतात. बाळ वाढतंय, म्हणून मागणी वाढवतंय. या दिवसांत पाजत राहिलं की दोन दिवसांत दूध वाढतं.

पण होतं असं की कुणीतरी ६० मिली पावडरचं दूध पाजतं. बाळ तीन तास गाढ झोपतं. सगळे म्हणतात, ‘बघा, उपाशी होतं.’ त्या तीन तासांत छाती तशीच भरलेली राहते, शरीर दूध कमी करतं, दुसऱ्या दिवशी दोन बाटल्या लागतात आणि पंधरा दिवसांत खरोखरच दूध पुरेनासं होतं. बाटलीच्या बोंडातून दूध आपोआप वाहतं. त्याची सवय लागलेलं बाळ छातीवर जोर लावायला कंटाळतं.

पाणी आणि गुटीही हेच करतात, फक्त सावकाश. आईच्या दुधात जवळजवळ ८८ टक्के पाणीच असतं. एप्रिल-मेच्या उन्हातसुद्धा सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वेगळं पाणी लागत नाही. गुटीत हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, जायफळ सहाणेवर उगाळून देतात. सहाण कुठे ठेवली होती, पाणी कुठलं, जायफळाचे किती वेढे दिले, याला काही मापच नसतं. जायफळ जास्त झालं तर बाळ गुंगीत राहतं, आणि गुंगीतलं बाळ पीत नाही. आजीला वाईट वाटू नये म्हणून ‘डॉक्टरांनी सहा महिने बंदी केलीय’ असं सांगून टाका. वाद वाचतो.

दूध खरंच कमी वाटत असेल तर तीन दिवसांचा नेम धरा. दिवसा दर दोन तासांनी, रात्री दर तीन तासांनी दोन्ही बाजू द्या. पाजून झाल्यावर प्रत्येक बाजूचं पाच-दहा मिनिटं हातानं काढा आणि ते वाटीनं बाळाला द्या. दिवसातून दोनदा तासभर बाळाला उघड्या छातीवर घेऊन झोपा. इतर सगळी कामं दुसऱ्याकडे. तीन-चार दिवसांनी वजन करा. दोन आठवड्यांत वजन परत आलं नाही, तर मात्र डॉक्टरांकडे जा आणि ते म्हणाले तर वरचं दूध द्या. त्यात कमीपणा नाही. मात्र डब्यावरच्या मापानं सपाट चमचा घ्या, बहुतेक डब्यांना ३० मिली उकळून कोमट केलेल्या पाण्याला एक माप लागतं. डबा महाग म्हणून पाणी वाढवलं की बाळ सुकतं. पाजायला बाटली नको. वाटी-चमचा किंवा बोंडलं घ्या, कानडीत त्याला ओळले म्हणतात. चोच उघडी असल्यानं ते घासून उकळता येतं, बाटलीच्या बोंडातला कोपरा कधीच स्वच्छ होत नाही. बाटल्या आणि शिशुआहाराची जाहिरात करायला १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. तेव्हा दुकानदार डब्यावर भेट देऊ लागला तर तो काय करतोय, हे ओळखा.

चिरा, गाठी, ताप

बोंडशीला चिरा पडल्या तर कारण पकड चुकण्यात शोधा, मलमात नव्हे. पाजून झाल्यावर आपल्याच दुधाचे दोन थेंब लावून वाऱ्यावर सुकू द्या. साबण लावू नका. कमी दुखणारी बाजू आधी द्या.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दगडासारखी झाली की बाळाला पकडायलाच येत नाही. बोंडशीच्या भोवती पाचही बोटांची टोकं टेकवून मिनिटभर हळूच छातीच्या दिशेनं दाबा. सूज मागे सरकते, काळा भाग मऊ होतो, मग लावा. पाजण्याआधी कोमट फडकं, पाजल्यावर गार फडकं. मालिशवालीला जोरानं रगडू देऊ नका, सूज वाढते. (तिला आणखी एक सांगायचं: बाळाची छाती पिळून ‘दूध’ काढायचं नाही. जन्मतः ती थोडी सुजलेली असते, आपोआप बसते. पिळल्यानं पू होतो.)

एका बाजूला लाल, गरम पट्टा आणि थंडी वाजून ताप म्हणजे दूध साकळून सूज आलेली. पाजणं बंद करायचं नाही. दूध बाळाला बाधत नाही, उलट थांबवलं तर गळू होतं. पॅरासिटामॉल, गार शेक, विश्रांती. चोवीस तासांत उतार नसेल तर दवाखाना, प्रतिजैविकं लागतात.

बोंडशी आत गेलेली असेल तर १० मिलीची सिरिंज आणा. सुईच्या बाजूचं टोक ब्लेडनं सरळ कापा आणि दट्ट्या त्या कापलेल्या बाजूनं घाला. उरलेली मूळची गुळगुळीत बाजू बोंडशीवर ठेवून दट्ट्या हळू ओढा, अर्धा ते एक मिनिट धरा, सोडा. पाजण्याआधी असं दोन-तीनदा करा. कापलेली बाजू अंगाला लावायची नाही, ओरखडे येतात.

बाळंतिणीचं ताट, आणि मशेरी

पहिले सहा महिने पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, म्हणजे जवळजवळ एक जादा जेवण. नुसता तूप-भात आणि मेतकूट खाऊन ते भागत नाही. डाळ, पालेभाजी, अंडं, शेंगदाणे, फळं सगळं चालतं. ‘पालेभाजीनं बाळाला हिरवी शी होते’ हे खरं नाही. अळिवाचे आणि डिंकाचे लाडू जरूर खा, अळिवात लोह आहे, पण दूध वाढवायचं काम शेवटी बाळच करतं. पाणी तहानेपुरतं, मात्र तोडू नका. लोहाची गोळी बाळंतपणानंतर १८० दिवस. कॅल्शियमच्या दोन गोळ्या रोज, पण लोहाच्या गोळीबरोबर एका वेळी नकोत. कर्नाटकात २०१७ पासून मातृपूर्ण योजनेत अंगणवाडीत गरोदर आणि बाळंत झालेल्या बायकांना सहा महिन्यांपर्यंत गरम जेवण मिळतं, बरोबर दूध, अंडं, शेंगदाण्याची चिक्की. मराठी शाळेजवळची अंगणवाडी असो की कानडी, हक्क सारखाच.

निपाणी आणि चिक्कोडी भागात तंबाखूबद्दल वेगळं सांगावं लागतं. विड्या वळताना मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि तेंदूची पानं, बोटं तपकिरी झालेली, बाळ गुडघ्याशी गोधडीवर. बाळ रडतं, पदर झटकला जातो आणि तसंच अंगाला लावलं जातं. त्या ब्लाऊजवर आणि नखांत तंबाखूची धूळ असते, ती थेट बाळाच्या तोंडात जाते. पाजायच्या आधी कोपरापर्यंत साबणानं हात धुवा, छाती ओल्या फडक्यानं पुसा आणि कामाचा ब्लाऊज वेगळा ठेवा. बाळाची जागा सुपापासून लांब, उघड्या दाराकडे.

मशेरीतलं निकोटिन दुधात उतरतं. बाळ चिडचिडं होतं, नीट झोपत नाही, आणि दूधही कमी होऊ शकतं. सोडता आली तर उत्तमच. नाहीच जमत, तर पाजल्यानंतर लगेच लावा, म्हणजे पुढच्या पाजण्यापर्यंत निदान दोन-तीन तास मिळतात. दात घासायला सकाळी, जेवल्यावर, पुन्हा चार वाजता, असं चाललं तर ही युक्ती कामी येत नाही. मात्र मशेरी लावते म्हणून पाजणं बंद करू नका, पावडरच्या दुधापेक्षा तेही बाळाला बरंच. आणि बाळाच्या हिरड्यांना मशेरी कधीही नको.

कामावर परत

नोंदणीकृत आस्थापनात २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, आणि ५० किंवा जास्त कामगार असतील तर पाळणाघराची सोय द्यावी लागते. वडगाव-शहापूरच्या यंत्रमागावर किंवा शेतात रोजंदारीनं जाणारीला यातलं काही मिळत नाही. तिला दूध काढून ठेवणंच आलं.

हात धुवा, उकळलेली रुंद तोंडाची वाटी घ्या. अंगठा वर आणि पहिलं बोट खाली, काळ्या भागाच्या कडेवर. आधी छातीच्या दिशेनं मागे दाबा, मग दोन्ही बोटं एकमेकांकडे दाबा, सोडा. कातडीवरून बोटं घसरवू नका. पहिली दोन-तीन मिनिटं थेंबच येतात, मग धार लागते. बोटांची जागा फिरवत एका बाजूला चार-पाच मिनिटं, मग दुसऱ्या. एकूण २० ते ३० मिनिटं. झाकून गार जागी ठेवलेलं दूध चार तासांत वापरा, फ्रिजमध्ये २४ तास. लाईट गेली तर फ्रिजचा भरवसा धरू नका. उकळायचं नाही, वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करायचं. वर साय जमली म्हणजे नासलं असं नाही, हलवून एकजीव करा. कामाच्या जागीही दुपारी एकदा मोरीत जाऊन काढून टाकलं तरी चालेल, नाहीतर गाठी होतात आणि दूध घटतं.

सहा महिने पूर्ण झाले की

जन्मतः साठवलेलं लोह सहाव्या महिन्यात संपत येतं आणि नुसतं दूध कमी पडू लागतं. म्हणून १८० दिवस पूर्ण झाले की अन्न सुरू करायचंच. उष्टावणासाठी मुलाला सम महिना, मुलीला विषम, मामाला सुट्टी कधी, सौंदत्तीला की कुलदैवताला, यात आठवा-नववा महिना उजाडतो. सोन्याच्या अंगठीनं खीर मामाला हवी तेव्हा चाटवू द्या. घरातली वाटी त्याच्यासाठी थांबवू नका.

सुरुवातीला नाचणी. पाव किलो नाचणी तीन-चार पाण्यांत धुवा, १२ तास भिजवा, ओल्या फडक्यात बांधून २४ ते ३६ तास ठेवा. पावसाळ्यात जास्त लागतात. बारीक पांढरे मोड दिसले की पसरून पूर्ण वाळवा, मंद आचेवर किंचित गरम करा, दळून डब्यात भरा. खमंग भाजू नका. मोडामुळे पीठ पातळ करणारा घटक तयार होतो, आणि त्यामुळे त्याच पातळपणात जास्त पीठ मावतं. जास्त भाजलं की तो मरतो. नीट न वाळलेल्या पिठाला कुबट वास आला तर टाकून द्या. चहाचे तीन सपाट चमचे पीठ १०० मिली थंड पाण्यात कालवा, ढवळत सहा-सात मिनिटं शिजवा, उतरवून अर्धा चमचा तूप. कानडी शेजारीण हीच रागी सरी करते. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, दिवसातून एकदा.

पातळ किती, याची एकच कसोटी: चमचा तिरका केला तरी घास लगेच ओघळू नये. वरणाचं पाणी, भाताची पेज, फळांचा रस यांनी पोट भरतं, अंग भरत नाही. डाळच द्या, पाणी तुम्ही प्या.

मापासाठी पाव लिटर पाणी मावणारी एक वाटी ठरवा. सहा ते आठ महिने: दिवसातून दोन-तीनदा, वाढवत अर्धी वाटी. नऊ ते अकरा: तीन-चारदा, अर्धी ते पाऊण, मध्ये एखादं फळ. वर्षानंतर: तीन-चारदा पाऊण ते पूर्ण वाटी आणि एक-दोन खाऊ. वर्षापर्यंत आधी अंगावर पाजा, मग भरवा.

दुसऱ्या आठवड्यापासून दोन भाग तांदूळ आणि एक भाग मूगडाळीची मऊ खिचडी, त्यात लाल भोपळा किंवा पालक, वर चमचाभर तूप आणि लिंबाचे दोन थेंब. लिंबानं डाळ-भाजीतलं लोह अंगी लागतं. पूर्ण उकडलेलं अंडं, कुस्करलेला मासा, दही हे सगळं सहा महिन्यांनंतर चालतं. भाजलेल्या शेंगदाण्याचं अगदी बारीक कूट खिचडीत घाला. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षं पाच वर्षांपर्यंत नको, श्वासनलिकेत अडकतात. मिक्सर फार दिवस वापरू नका. आठव्या महिन्यापासून वाटीच्या बुडानं चेचा, गुठळ्या राहू द्या. दहाव्या महिन्यापर्यंत गुठळी न पाहिलेलं बाळ पुढे पोळी थुंकतं.

वर्षापर्यंत वरून मीठ-साखर नको. आपल्याकडची खरी खोड म्हणजे चहात बुडवलेलं बिस्किट आणि खारी. चहा लोह शोषू देत नाही, आणि बिस्किटानं भरलेलं पोट खिचडीला जागा ठेवत नाही. चिरमुऱ्यांचंही तसंच, मूठभर दिसतात, वजनाला काही नसतात. आशाताईंकडून लोहाचं औषध सहा महिन्यांनंतर आठवड्यातून दोनदा १ मिली, आणि नवव्या महिन्यात गोवरच्या लसीबरोबर व्हिटॅमिन ए. जुलाब झाले तर पाजणं आणि भरवणं चालूच ठेवा, ओआरएस आणि १४ दिवस झिंक.

दूध तोडताना

दोन वर्षांपर्यंत पाजलं तर चांगलंच, त्यापुढेही हरकत नाही. पुन्हा दिवस गेले तर ‘दूध विषारी होतं’ हा समज चुकीचा. अशा वेळी दूध कमी होतं आणि आईला जास्त खावं लागतं एवढंच. आधी वेळेपूर्वी कळा आल्या असतील किंवा रक्त जात असेल तर डॉक्टरांना विचारा.

कोरफडीचा गर, कडुलिंब, मिरची लावून एका दिवसात तोडायची पद्धत आहे. मिरची तर लावूच नका, बाळाचे डोळे आणि ओठ भाजतात. बाळाला एकदम आजोळी पाठवणं आणि छाती कापडानं आवळून बांधणं यातूनच गाठी आणि गळवं होतात, कारण भरलेलं जाणार कुठे?

सहा ते आठ आठवडे हातात ठेवा. सर्वात कमी आवडीची वेळ, बहुधा दुपारची, आधी सोडा. त्या वेळी आधीच पोटभर खायला द्या, अंगणात न्या, वाटीनं दूध द्या. पाच-सात दिवस छाती सुखावली की दुसरी वेळ. झोपतानाची शेवटी. आपणहून देऊ नका, हट्टानं मागितलं तर झिडकारू नका. रात्री बाळाला थोडे दिवस वडिलांजवळ किंवा आजीजवळ झोपवा, त्यांच्या अंगाला दुधाचा वास नसतो. आजारपण, जुलाबांचा मृग-आर्द्राचा काळ किंवा घर बदलायचे दिवस यासाठी निवडू नका. वर्षानंतर गाईचं दूध दिवसाला ४०० ते ५०० मिलीपेक्षा जास्त नको. दुधानं पोट भरून जेवण सुटतं आणि रक्त कमी होतं.

छाती जड झाली तर आराम पडण्यापुरतंच काढा, पूर्ण रिकामी करू नका. दूध आटवायच्या गोळ्या औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनानं घेऊ नका, त्यांनी रक्तदाब बिघडू शकतो. दूध तोडल्यावरही काही आठवडे, कधी काही महिने दाबल्यावर थेंब दिसतात. आहे का गेलं, हे बघायला रोज पिळू नका, पिळलं की येतच राहतं. न दाबता आपोआप रक्तासारखं काही आलं, किंवा महिन्याभरानंही एखादी गाठ हाताला लागत राहिली, तर दाखवून या.